मोटारीची फुंकणी

फुंकणीने चूल पेटवलेली पिढी अजून आपल्यात आहे. लाकडे तीच, निखारे तेच. पण चार फुंका बसल्या की ज्वाळा कशी उसळते! मोटारीच्या 'सुपरचार्जर'चे काम याहून फारसे निराळे नाही. मराठीचा मास्तर या भानगडीत कुठे पडला, असे वाचक म्हणतील. कारण आमच्या पालेगावच्या इमारतीतला एक तरुण. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी, हप्त्यावर घेतलेली मोटार आणि हातात एक जाहिरात : बॅटरीवरचा छोटा पंखा हवेच्या नळीत बसवा, शक्ती वाढवा! किंमत अर्ध्या पगाराइतकी. त्याची आई मला म्हणाली, "सर, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल." उपदेशापेक्षा हिशेब बरा म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

इंजिन मुळात हवा खाते किती? एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! मर्सिडीजच्या काही गाड्यांच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' अशी अक्षरे असत. त्यांत असे तसले १.८ लिटरचे इंजिन घेऊ. मिनिटाला ५,५०० फेरे आणि दोन फेऱ्यांत एक श्वास. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरला असे धरले, तर फुंकणीवाचूनच मिनिटाला ४,९५० लिटर हवा आत जाते. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि उंच खोली सहा मिनिटांच्या आत रिकामी! वजनात ही हवा मिनिटाला पावणेसहा किलोंच्या आसपास भरते.

आता फुंकणी लावू. दाब दीडपट केला म्हणजे हवाही दीडपट गेली, ही जाहिरातवाल्यांची बेरीज. सायकलला पंप मारताना पंपाचे बूड हाताला लागले असेल त्याला ती पटायची नाही. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा जागा जास्त अडवते. २७ अंशांवर घेतलेली हवा, यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास, ८९ अंशांवर बाहेर पडते. त्यामुळे दाब दीडपट होऊनही हवा वाढते ती अवघी २४ टक्के. म्हणून मध्ये 'इंटरकूलर' बसवतात. त्यात ती ४७ अंशांपर्यंत निवाली आणि वाटेत दाब घटला नाही, तर वाढ ४० टक्क्यांवर जाते. मिनिटाला आठ किलोंच्या थोडे वर.

आणि एवढी हवा दाबायला लागते सुमारे ११ अश्वशक्ती! खरा सुपरचार्जर ती इंजिनाच्याच पट्ट्यावरून काढून घेतो. घेतो त्याहून पुष्कळ अधिक परत देतो म्हणून हा व्यवहार परवडतो. बारा व्होल्टच्या बॅटरीकडून तेवढीच शक्ती मागायची तर सातशे अँपिअर हवेत. आमच्या तरुणाच्या पंख्याची मोटर होती पाच अँपिअरची, म्हणजे पासरीभर कामाला गुंजभर जोर. शिवाय भर वेगात तो पंखाच वाऱ्याच्या वाटेत आडवा येणार. तरुणाने आकडे दोनदा तपासले, जाहिरातीची घडी केली आणि एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला होता ते आठवू लागला.

गंमत अशी, की मोटारींत पुढे रुळलेली 'रूट्स' फुंकणी मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी ती १८६० च्या दशकात पुढे आणली आणि ती भट्ट्यांना वारा घालू लागली; म्हणजे लोहाराचा भाताच! १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. त्याआधी १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फुंकणी फिरवण्याचे पेटंट घेतले होते. तोच आजचा टर्बो. कल्याणच्या शेडमधली आल्को जातीची डिझेल इंजिने २,६०० अश्वशक्ती देत, ती याच टर्बोच्या बळावर.

घाट चढणाऱ्यांना त्याचा आणखी एक उपयोग. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा जवळजवळ आठव्या हिश्श्याने विरळ असते. साधे इंजिन तिथे तेवढे अशक्त होते. टर्बो मात्र अधिक जोराने फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो.