नेट कुठं अडलं?

सरीत पाणी आलं नाही, तर दारं धरणारा माणूस थेट वीर धरणाकडं धावत सुटत नाही. आधी सरीचं तोंड बघतो, मग दंड कुठं फुटलाय का ते, मग चारी, मग फाट्यावरचं दार. एवढं सगळं ठीक निघालं तरच म्हणतो, आज वरनंच पाणी बंद आहे. सोमेश्वरनगरच्या आसपास नीरा डाव्या कालव्यावर ज्यांचं भिजणं आहे, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तीच माणसं घरातलं नेट गेलं की पहिल्या मिनिटाला कंपनीला फोन लावतात आणि दुसऱ्या मिनिटाला राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घालतात.

त्या टाचणीचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तीच करते. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं वेगळं आणि रिसेटचं बारीक बटण दाबून धरणं वेगळं. पहिल्यात यंत्र झोपेतून उठतं, एवढंच. दुसऱ्यात त्याची पाटी कोरी होते. जोडणी देताना आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं जातं. मग मूळ बिघाड आपोआप दुरुस्त झाला तरी नेट येत नाही, कारण आता पलीकडचं यंत्र तुमच्या राऊटरला ओळखतच नाही.

तर खालून वर जाऊ. नेट फक्त संगणकाचं गेलंय की घरातल्या सगळ्यांचं? मोबाईल घ्या, पण त्याचा डेटा बंद करून, निव्वळ वायफायवर बघा. हे विसरलं की फसगत होते. वायफाय मेलं की फोन गुपचूप सिमवर सरकतो, रील चालूच राहतं आणि आपण संगणकाला शिव्या घालत बसतो. फोनवरही काही उघडत नसेल तर संगणक निर्दोष. उठा आणि राऊटरजवळ जा.

फायबरच्या डब्यावर चार-पाच दिवे असतात. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की कंपनीच्या यंत्राशी ओळख पटली. तो लुकलुकतच राहिला तर ओळख पटवणं चाललंय आणि पटत नाहीये. 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर तारेतून उजेडच पोचत नाहीये. लाल दिसल्यावर सेटिंगांना हात लावण्यात अर्थ नसतो. लाल दिव्यासमोर बसून दोन तास वायफायचा पासवर्ड बदलणारा माणूस मीच आहे, म्हणून सांगतो.

इथं उजेड म्हणजे खरोखरच उजेड. काळ्या तारेच्या आत काचेचा तंतू असतो आणि त्याचा उजेड वाहून नेणारा गाभा ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यातून कंपनीकडून तुमच्याकडं १४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश येतो आणि तुमच्याकडून तिकडं १३१० चा जातो. एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक, तरी टक्कर नाही. हे दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच तारेचं टोक डोळ्यासमोर धरून 'येतंय का' बघू नये. दिसणार काहीच नाही, इजा मात्र होऊ शकते.

गावात आलेला एक तंतू खांबावरच्या स्प्लिटर नावाच्या डबीत ३२, कधी ६४ घरांना वाटला जातो. फाट्यावरून चाऱ्या निघाव्यात तसं. या डबीला वीज लागत नाही. पण वाटलं की कमी होणारच. एकाचे दोन केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा उजेड. राऊटरच्या पानावर, म्हणजे ब्राऊझरमध्ये बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ टाकल्यावर जे उघडतं तिथं, 'ऑप्टिकल पॉवर' असा एक आकडा सापडतो. तो उणे असतो. उणे २० म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग, उणे २३ म्हणजे त्याच्याही निम्मा. साधारण उणे २७ च्या खाली गेला की डबा आंधळा होतो. नेट धडधाकट असताना हा आकडा एकदा वहीत लिहून ठेवा. पुढं कधी तो तीन-चारनं खाली गेलेला दिसला, तर कुठं तरी तार मुरगळली आहे किंवा जोड सैल झाला आहे. बऱ्याचदा ही जागा आपल्याच घरात निघते. पलंगाच्या पायाखाली दबलेली पिवळी तार किंवा उंदरानं कुरतडलेली. काचेतला उजेड बेताच्या वळणातून जातो, पण तार काटकोनात मोडली की तो तिथंच बाहेर सांडतो.

घरात काही सापडलं नाही तर शेजारी विचारा. त्यांची जोडणी तुमच्याच कंपनीची असेल आणि चालू असेल, तर बिघाड खांबापासून तुमच्या भिंतीपर्यंतच्या तुकड्यात आहे. त्यांचीही गेली असेल तर स्प्लिटरच्या वर.

या वरच्या बिघाडांना आमच्याकडं हंगाम असतो. कारखान्याचं गाळप सुरू झालं की नीरा-बारामती रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात. ऊस कसा भरतात ते ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. ट्रॉलीच्या वर आणखी एक ट्रॉली होईल एवढा माल, आणि त्यातनं चार कांड्या उभ्या. विजेच्या खांबांवरून ओढलेली केबल जिथं झोळ देऊन खाली आलीय, तिथं त्या अडकतात. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही, आणि मागं दहा-वीस घरांत लाल दिवे लागतात. तोडणी झाल्यावर फडातलं पाचट पेटवतात, तेव्हा बांधावरून नेलेली केबल वितळते. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला जेसीबी लागला की जमिनीतली तुटते.

विजेचं वेगळंच. घरात इन्व्हर्टरवर राऊटर चालू आहे, तरी लाईट गेली की नेट जातं, ही नेहमीची तक्रार. स्प्लिटरला वीज लागत नसली तरी त्याच्या वरच्या यंत्राला लागते, आणि तिथली बॅटरी म्हातारी झाली असेल तर तुमचा इन्व्हर्टर काय करणार? दुसरा प्रकार घरातला. रात्री शेतीपंप सुरू झाले की दाब खाली-वर होतो आणि राऊटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर हळूहळू कमजोर होतो. दिवे लागतात, पण राऊटर दर दहा मिनिटांनी स्वतःहून बंद-चालू होतो. लोक राऊटर बदलतात. आधी तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून बघा. शेकड्यात भागतं.

दिवे ठीक, फोनवर नेट ठीक, फक्त संगणक अडलाय, तर राऊटरपासून संगणकापर्यंत लॅनची तार जोडा. तारेवर चाललं तर दोष वायफायचा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण दगडी भिंतीपलीकडं दमतं, २.४ चं हळू, पण लांब जातं. मधे पत्र्याची खोली असेल तर दोघांचंही काही चालत नाही.

तारेवरही नाही चाललं, तर विंडोजमध्ये 'सीएमडी' उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक संगणकाला राऊटर एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. तिथं १६९.२५४ दिसला तर राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही, संगणकानं स्वतःच्या मनानं एक ठेवून घेतला. दोघांनाही बंद करून आधी राऊटर आणि मग संगणक चालू केला की बहुतेकदा सुटतं.

पत्ता बरोबर असेल तर 'पिंग' करायचं. ही युक्ती माइक मूस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीवरचं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं, नाव त्यावरून. 'पिंग १९२.१६८.१.१' म्हणजे राऊटरला हाक. ओ आली तर पुढची हाक ८.८.८.८ ला, हा गूगलचा सर्व्हर. तिथूनही ओ आली तर नेट घरात आलेलं आहे. तरी एकही साइट उघडत नसेल तर अडलंय ते नावाचा आकडा करून देणारं खातं, म्हणजे डीएनएस. गावात माणूस नावानं सापडतो. नेटवर प्रत्येक नावामागचा आकडा आधी कुणाला तरी विचारावा लागतो. तो सांगणारा गप्प झाला की सगळी दुनिया बंद वाटते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलं की गाडी निघते.

एक बिघाड मला फार आवडतो, कारण तो नेटचा नसतोच. जुना डेस्कटॉप, लाईट गेली की बंद. परत चालू केल्यावर प्रत्येक साइट म्हणते, जोडणी सुरक्षित नाही. कोपऱ्यातली तारीख बघावी तर कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल संपलेला असतो. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि त्या तारखेला ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. सेल थोडक्यात मिळतो, घड्याळजीकडंही.

हळू चालण्याबद्दल दोनच गोष्टी. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, कारण कंपनी बिट मोजते आणि आपण बाइट, आठानं भागायचं. आणि सातबाराची साइट अडकली म्हणजे नेट अडकलं असं नाही. दुसरं काही उघडून बघावं.

मागच्या हंगामात माझ्याकडं लाल दिवा लागला, तेव्हा मी फोनवर एवढंच सांगितलं: एलओएस लाल, साडेसातपासून, शेजारचंही गेलंय, घरातली तार बघितली. केबलचा पोरगा सकाळी शिडी घेऊन आला. पेनाएवढ्या लाल टॉर्चचा उजेड त्यानं तारेत सोडला, आणि करंजेपुलाकडच्या वळणावर तुटक्या टोकाशी लाल ठिपका चमकला. दोन्ही टोकं सोलून यंत्रात ठेवली, ठिणगी पडली, काच वितळून एक झाली. घरी येऊन बघतो तर पॉन हिरवा.

"काका, झालं काम," तो म्हणाला.

"झालं, पण आता ट्रॉली खालनं जाईल एवढी वर बांध बाबा."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. नेमकी एक जोडी येत होती. ती जाईपर्यंत थांबला, वरच्या कांड्या नजरेनं मोजल्या आणि शिडीच्या आणखी दोन पायऱ्या चढला.