विद्यापीठाचा रोजमेळ

घाऊक धान्याच्या व्यापारात पेढीची पत पाटीवरून ठरत नाही. आलेला माल त्याच दिवशी तोलला गेला काय, सायंकाळी रोजमेळ जुळला काय, यांवर ती ठरते. मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माझ्यासारख्याने विद्यापीठांविषयी लिहावे, हे धाडस खरे. परंतु घरच्या एका अनुभवाने लेखणी हाती धरावयास लावले.

माझा नातू एका खाजगी विद्यापीठात पदवीपरीक्षेस बसला. निकाल लागला, पण गुणपत्रिकेत एका विषयाचे गुण चढलेच नव्हते. परीक्षा विभाग म्हणे, यादी आली नाही; प्राध्यापक म्हणत, केव्हाच पाठविली. दुरुस्त पत्रिका हाती येईतो पुढील प्रवेशाची मुदत टळली आणि मुलाचे वर्ष गेले. शिक्षक विद्वान होते, इमारत देखणी होती; यादीची पोच घेण्याची साधी रीत तेवढी नव्हती.

आपल्या जुळ्या शहरांस हा विषय परका नाही. १९१६ साली सात शिक्षकांनी बेळगावी स्थापिलेल्या केएलई संस्थेचे हुबळीतील अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. ते कर्नाटक विद्यापीठाशी व पुढे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न होते. २०१२ च्या कायद्यान्वये त्यास स्वतंत्र खाजगी विद्यापीठाचे रूप मिळाले. धारवाडात श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर विद्यापीठ २०१८ मध्ये स्थापन झाले.

संलग्न महाविद्यालयाने शिकवावे. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी यांचा भार बाहेरच्या विद्यापीठावर असतो. स्वतः विद्यापीठ झाल्यावर हे सर्व आपल्याच माथी येते. आडत्या मालाचा धनी झाला म्हणजे नफ्यासवे तोटाही त्याचाच, तद्वत् हे होय. उद्योगांची गरज ओळखून अभ्यासक्रम लवकर बदलता येतो. परंतु चूक झाल्यास दुसऱ्याकडे बोट दाखविता येत नाही.

शिवाय अशा संस्थेचा संसार मुख्यत्वे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. एका शिक्षकाची नेमणूक लांबली की तास बुडतात, अभ्यास अपुरा राहतो, निकाल उतरतो. नोकरी देणाऱ्या कंपन्या पाठ फिरवितात, पुढील वर्षी प्रवेश घटतात. शुल्क घटले की नवी नेमणूक आणखी लांबते. हे दुष्टचक्र कार्यालयातील एका टेबलावर पडून राहिलेल्या कागदापासून सुरू होऊ शकते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ परिषदेच्या मूल्यांकनाच्या निकषांत कारभार व व्यवस्थापन यांस स्वतंत्र स्थान आहे, ते उगीच नव्हे.

आपल्यातील दानशूर मंडळी इमारतींसाठी सढळ हस्ते देणगी देतात, हे भूषणावह आहे. परंतु देणगी देताना वा मुलांचा प्रवेश घेताना चार गोष्टी अवश्य विचाराव्या: निकाल किती दिवसांत लागतो? शिक्षकांच्या किती जागा रिक्त आहेत? तक्रारीस उत्तर कोण व किती दिवसांत देतो? हिशेब त्रयस्थाकडून तपासला जातो काय?

पोते न् पोते मोजून घेणारे आपण. मुलांच्या आयुष्यातील वर्षे मोजून घेण्यास संकोच का करावा?