साठातले दोन दात

ईसीयूला इंजिन कधीच दिसत नाही. त्या ॲल्युमिनियमच्या डबीपर्यंत पोचतात त्या फक्त तारा, आणि तारांवरून येणारे व्होल्टेजचे चढउतार. म्हणूनच टेस्ट बेंचवर पिस्टन नसतो, पेट्रोल नसतं, धूर नसतो, तरी ईसीयू इंजिन चालू असल्याच्या समजुतीत इंजेक्टर टिकटिकवत राहतो. त्याची ही समजूत करून देणारं यंत्र म्हणजे आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. बेंचवर तो नुसता 'आर्ब'. साइन, स्क्वेअर, ट्रँगल हे ठरावीक आकार साधा फंक्शन जनरेटरही देतो. आर्बला आपण हवा तो आकार बिंदू-बिंदूंनी द्यायचा आणि तो त्याने अखंड गिरवत बसायचं.

पुण्याच्या वाहन उद्योगात हा आकार बहुतेक वेळा क्रँक सेन्सरचा असतो. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक बसवलेलं असतं. चारचाकीत सर्रास दिसणाऱ्या मांडणीत साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाताला 6 अंश. सेन्सरपुढून अठ्ठावन्न दात ओळीने जातात आणि मग गॅप येते. ईसीयूचा सगळा हिशोब या गॅपवर. 600 आरपीएमला दोन दातांमध्ये सुमारे 1.67 मिलिसेकंद जातात, गॅपला 5. हे तिप्पट अंतर दिसलं की क्रँक कुठे आहे ते त्याला कळतं. पण चार-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांचं, 720 अंशांचं असतं. आपण कुठल्या फेरीत आहोत हे सांगायला कॅम सेन्सर लागतो. म्हणून आर्ब दोन चॅनलचा हवा: एकावर क्रँक, दुसऱ्यावर कॅम.

हिशोब सोपा ठेवला तर पुढचं काम हलकं होतं. मी दाताला 100 बिंदू देतो. 120 जागांचे झाले 12,000. आता आरपीएमला 120 ने भागलं की आर्बची फ्रीक्वेन्सी मिळते: 600 ला 5 हर्ट्झ, 6000 ला 50. आर्बच्या माहितीपत्रकांत डीडीएस पद्धत चांगली की प्रत्येक बिंदू न गाळता वाजवणारी, यावर बरंच लिहिलेलं असतं. डीडीएसचं घड्याळ ठरलेल्या वेगाने चालतं आणि फ्रीक्वेन्सी वाढली की ते बिंदू गाळायला लागतं, हा त्यातला मुख्य आक्षेप. पण सेकंदाला साडेबारा कोटी नमुने देणाऱ्या यंत्रावर 12,000 बिंदूंची लहर दहा किलोहर्ट्झच्या पुढे गेल्यावरच गळती सुरू होते. आपण 50 हर्ट्झवर. इंजिनासाठी हा वाद बिनकामाचा आहे. उलट डीडीएसमध्ये चालू लहरीचा वेग मध्येच बदलला तरी ती तुटत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

जोडणीत पहिली बघायची गोष्ट म्हणजे लोड. आर्बच्या आत 50 ओहमचा रोध असतो आणि समोरही 50 ओहमच आहे असं धरून तो व्होल्टेजचा आकडा दाखवतो. ईसीयूची इनपुट मात्र किलोओहममध्ये. पडद्यावर 5 व्होल्ट दिसतात, तारेवर 10 जातात. आउटपुट लोड 'हाय झेड' केल्याशिवाय केबल लावू नये. सेन्सर हॉल जातीचा असेल तर आणखी एक भानगड. तो स्वतः व्होल्टेज देत नाही. ईसीयूने वर ओढून धरलेली तार तो जमिनीला टेकवतो, सोडतो. त्याची नक्कल करायला मध्ये 2एन7000 सारखा लहानसा मॉस्फेट टाकावा लागतो. मग सिग्नल उलटा होतो, आणि ते लक्षात ठेवून लहरही उलटी भरायची.

आता सॉफ्टवेअर. यंत्राबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये माऊसने लहर काढता येते. ग्राहकाला दाखवायला ते छान आहे. रोजच्या कामाला पायथॉनची स्क्रिप्टच बरी, कारण उद्या कुणी साठऐवजी छत्तीस दात मागितले तर एकच आकडा बदलायचा असतो. संगणक आणि यंत्र यांची बोली 1990 पासूनची, एससीपीआय नावाची. पहिला प्रश्न नेहमी एकच: तारांकन, आयडीएन, प्रश्नचिन्ह. तू कोण? उत्तरात स्वल्पविरामांनी तोडलेल्या चार गोष्टी येतात: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर. हे उत्तर आलं नाही तर केबल, ड्रायव्हर किंवा आयपी पत्ता बघायचा. लहरीचा विचार तेव्हा करूच नये.

बिंदू पाठवताना आधी एक छोटं शीर्षक जातं. 12,000 बिंदू, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे 24,000 बाइट. म्हणून हॅश, मग 5, मग 24000. पाच म्हणजे पुढच्या संख्येत पाच अंक आहेत. बाइटचा क्रम उलटा गेला तर यंत्र तक्रार करत नाही, स्कोपवर मात्र लहरीच्या जागी गवत उगवतं. बाकीच्या चुका यंत्र मुकाट्याने रांगेत लावून ठेवतं. विचारल्याशिवाय सांगत नाही. उणे 113 म्हणजे आज्ञाच कळली नाही, उणे 222 म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. प्रत्येक आज्ञेनंतर ही रांग वाचायची सवय नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी लावतो. लहर भरताना आकडे पूर्ण उंचीचे भरावेत आणि व्होल्टेज वेगळ्या आज्ञेने कमी करावं. स्मृतीतच बुटकी लहर भरली तर बारकावे पायऱ्यांत हरवतात.

"सर, क्रँक बरोबर आहे, कॅम बरोबर आहे, तरी पी0016 येतोय." नव्या ट्रेनीकडून हे वाक्य हमखास येतं. पी0016 म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. दोन्ही चॅनल वेगवेगळ्या क्षणी चालू केलेले असतात: लय एकच, पण सम चुकलेली. दोघांना पहिल्या बिंदूपासून एकदम सुरू करायची आज्ञा द्यावी लागते, आणि पुढे फ्रीक्वेन्सीही दोघांची जोडून बदलावी लागते. मेळ बसला की 600 आरपीएमला चार इंजेक्टर मिळून सेकंदाला वीस टिकटिक ऐकू येतात.

इथवर बहुतेक लोक पोचतात, आणि इथेच थांबतात. माझ्या मते खरं काम याच्या पुढे आहे, कारण आत्ता टेबलावर फिरतंय तसं गुळगुळीत इंजिन जगात कुठेच नाही. स्टार्टर मारला की क्रँक कसाबसा 200 आरपीएमने फिरतो. तोही एकसारखा नाही. प्रत्येक कॉम्प्रेशनला अडखळतो, मग सुटतो. चार सिलिंडरना 720 अंशांत असे चार अडखळे. तेवढ्या दातांचं अंतर वाढतं आणि गॅप ओळखणं ईसीयूला जड जातं. सेन्सर चुंबकी असेल तर वेग घटताच लहरीची उंचीही घटते. गॅपनंतरचा पहिला दात जरा उंच येतो. चाक किंचित वाकडं बसलेलं असेल तर प्रत्येक फेरीत उंची हलके वरखाली होते. हे सगळं लहरीत घालावं लागतं.

ते घालताना दातांची चित्रं ओढूनताणून लांब करू नयेत. आधी वेगाचा आलेख काढायचा, त्यावरून प्रत्येक क्षणी क्रँक किती अंशांवर आहे ते काढायचं, आणि त्या अंशाला सेन्सर काय देईल ते लिहायचं. फक्त सांधा सांभाळायचा. 720 अंशांच्या शेवटी जो वेग, तोच सुरुवातीला हवा, नाहीतर प्रत्येक चक्रात तिथे एक धक्का बसतो. शेवटी पहिलाच बिंदू पुन्हा लिहिला तर तेवढ्या जागी लहर एक बिंदू थबकते. क्रँकला ते खपतं. पण सवय वाईट.

या अडखळण्याचाच उपयोग मिसफायर तपासायला होतो. सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते. तीन नंबर पेटला नाही तर त्याच्या 180 अंशांत ती ढकल गायब, आणि दातांची अंतरं किंचित लांबतात. ईसीयू हेच मोजतो. एकच चक्र गिरवत ठेवलं तर तीन नंबर प्रत्येक वेळी चुकतो आणि पी0303 लगेच येतो. त्यात परीक्षा कसली? पन्नासात एकदा चुकवायचं तर सहा लाख बिंदूंची लहर भरावी लागते. यंत्रात सीक्वेन्सची सोय असेल तर एकोणपन्नास चांगली चक्रं आणि एक वाईट, एवढं सांगून भागतं. मग हे प्रमाण वाढवत न्यायचं आणि चेक इंजिनचा दिवा कधी पेटतो, कधी लुकलुकायला लागतो ते टिपायचं. लुकलुकणं म्हणजे कॅटॅलिस्ट जळण्याइतका मिसफायर.

चुंबकी सेन्सर वरच्या वेगाला दहादहा व्होल्ट सहज ओलांडतो, आणि आर्बची ताकद शिखरापासून तळापर्यंत 20 व्होल्टपाशी संपते. तिथे ॲम्प्लिफायर लावावा लागतो. ऑक्सिजन सेन्सरची नक्कल करायची तर तिसरं चॅनल हवं. तोवर ईसीयू त्या सेन्सरचा कोड दाखवत राहतो आणि आम्ही तो पुसत राहतो.