जुनी गाडी रंगवताय? मूळ रंग गाडीतच लपलेला असतो. पेंटचा डबा आणण्याआधी हे वाचा

सातारा / सांगली : ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची फियाट, वडिलांची स्कूटर किंवा मळ्यातली जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची हौस अनेकांना असते. इंजिन दुरुस्त होतं, पत्राही सरळ होतो. गाडं अडतं ते रंगावर. "निळी होती" एवढंच घरच्यांना आठवतं आणि पेंटच्या दुकानात तर निळ्याच्या ढीगभर छटा असतात. अंदाजाने रंग मारला की पैसे जातात, गाडीची ओळख जाते आणि कागदपत्रांचा घोळ होतो तो वेगळाच.

साताऱ्याची 'प्रिया'

आपल्या भागात हा प्रश्न जास्त जवळचा आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्यातल्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होत असे. आजच्या गाड्यांना रंगाचा कोड असतो, तो सांगितला की काम होतं. जुन्या स्कूटर-जीपवर असा कोड बहुधा सापडत नाही. त्यामुळे रंग गाडीवरच शोधावा लागतो.

रंग कुठे शोधायचा?

बाहेरचा रंग उन्हाने उडालेला असतो. लाल फिका पडतो, पांढरा पिवळट होतो. म्हणून जिथे ऊन आणि नंतरच्या पेंटरची गन पोहोचली नाही, तिथे पाहा.

- स्कूटर : सीट उचलून टाकीच्या आजूबाजूला, सामानाच्या डब्याच्या झाकणाच्या आतून, टेल लाइट काढून त्याच्या मागे.
- कार : डिकीत स्टेपनीखाली, दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला.
- जीप : सीटखाली, मीटरच्या मागे, बोल्टच्या वॉशरखाली.

सापडलेल्या जागेवरचं ग्रीस पुसून हलक्या हाताने रबिंग कंपाउंड मारा. वरची मळकट पापुद्री निघाली की खरी छटा दिसते.

गाडी दोन-तीनदा रंगवलेली असेल तर एका लहान जागेवर ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा, मग १००० आणि १५०० नंबरचा घ्या. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक थर दिसतील. आत पत्रा, त्यावर ग्रे किंवा तांबडा प्रायमर आणि प्रायमरला लागून असलेला पहिला थर हा मूळ रंग. प्रायमरलाच मूळ रंग समजण्याची चूक होऊ शकते. मध्ये पुट्टी लागली तर ती जागा आधी दुरुस्त झालेली आहे, दुसरी जागा निवडा. जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, तोंडाला मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

व्हॉट्सअपवर फोटो पाठवून रंग जुळत नाही

मोबाइलचा कॅमेरा रंग बदलून दाखवतो. दुकानात फोटो नको, सुटा होणारा भाग घेऊन जा. काही ठिकाणी मशीनने रंग स्कॅन करून मिक्सिंग होतं. मशीन जवळची छटा देतं, शेवटचा थेंब मात्र डोळ्यानेच ठरतो.

पूर्ण डबा बनवण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमर आणि दोन हात मारून नमुना घ्या. तो पूर्ण सुकू द्या, कारण ओला आणि सुकलेला रंग वेगळा दिसतो. मग सकाळच्या उजेडात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली मूळ रंगाशेजारी धरून पाहा. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. जुळला की पेंटचं मिक्सिंगचं प्रमाण वहीत लिहून घ्या आणि थोडा रंग राखून ठेवा. पुढे ओरखडा पडला तर तोच कामाला येतो.

पेंट कोणता, हेही आधीच ठरवा. एनसी पेंट स्वस्त आणि लवकर सुकणारा, पण त्याला वारंवार पॉलिश लागतं. पीयू जास्त टिकतो. मात्र जुन्या एनसीवर थेट पीयू मारला तर थर फुगून सुरकुत्या पडू शकतात. शिवाय पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला घातक असते. पेंटरने साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवाच.

आधी आरसी बुक उघडा

आरसीत गाडीच्या रंगाची नोंद असते. मूळ रंग आणि आरसीवरचा रंग एकच असेल तर प्रश्न नाही. वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओत रीतसर अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. नाहीतर पासिंगला, विक्रीला किंवा विम्याच्या दाव्याला अडचण येऊ शकते. सातारा (एमएच-११), कराड (एमएच-५०) आणि सांगली (एमएच-१०) इथल्या गाडीमालकांनी पेंटरला इसार देण्याआधी आपापल्या कार्यालयात चौकशी केलेली बरी.

जीपवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाही ऑलिव्ह ग्रीन रंग वापरता येत नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपचा मूळ रंग तोच निघाला, तरी खासगी मालकाला तो देता येत नाही.

गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. साताऱ्याच्या सुरुवातीच्या 'प्रिया' आता याच वयाला टेकल्या आहेत. पण अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. त्यामुळे बाजारहाटाला स्कूटर लागत असेल तर हा विचार आधीच करावा.

थोडक्यात, आधी आरसी, मग लपलेला रंग, मग नमुना आणि शेवटी डबा. हा क्रम पाळला तर खर्च एकदाच होतो आणि दारात उभी राहते ती वडिलांच्या काळात होती तीच गाडी.