पिओनीचे बी: दोन ऋतूंचे कुलूप

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मरण करतात. आम्ही राहतो त्या इंडियाना राज्यात त्या सुमारास दफनभूमीत ठिकठिकाणी पिओनीची फुले वाहिलेली दिसतात. १९५७ पासून पिओनी हे या राज्याचे अधिकृत फूल आहे. जुनी घरे पडतात, कुंपणे मोडतात, पण परसातली पिओनी पन्नास-पन्नास वर्षे फुलत राहते. इतक्या दीर्घायुषी झाडाचे बी मात्र घरच्या बागेत सहसा कुणी लावत नाही. त्याचे कारण मला एका चुकीतून कळले.

शेजारच्या आजींनी घर विकायला काढले. त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गुलाबी पिओनीच्या उकललेल्या शेंगांतून मी काळे, चकचकीत बी गोळा केले, वाळवले आणि ऑक्टोबरात कुंडीत पेरले. हिवाळा सरला, वसंत आला आणि गेला, उन्हाळाही संपला. मातीवर काही दिसेना. बी मेले असे समजून सप्टेंबरअखेर कुंडी वाफ्यात उपडी केली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर ढेकळांत बोटभर लांब मुळे होती, उन्हाने सुकून गेलेली. बी मेलेले नव्हतेच. मीच ते मारले होते.

मटकी ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतो. मोड म्हणजे मूळच; त्यामागोमाग कोंब निघतो. पिओनीत या दोन घटनांमध्ये एक अख्खा हिवाळा असतो. बी पक्व होऊन गळते तेव्हा त्यातला गर्भ फारच लहान असतो. ओलाव्यात आणि उबेत दोन-तीन महिने तो आतल्या आत वाढतो, मग मूळ बाहेर पडते. पण कोंब हलत नाही. त्याला आता उलट हवे असते: दोन-तीन महिने सलग थंडी. न्यूयॉर्क राज्यातील बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूटमधील लेला बार्टन यांनी झुडपी पिओनीच्या बियांवर प्रयोग करून हा क्रम १९३३ मध्ये मांडला. वनस्पतिशास्त्रज्ञ याला कोंबाची सुप्तावस्था म्हणतात.

यात निसर्गाचा हिशेब दिसतो. उन्हाळ्याच्या शेवटी पडलेले बी शरदातल्या उबदार मातीत मूळ धरते. कोंबही तेव्हाच वर आला असता तर पहिल्याच हिमाने जळाला असता. थंडी पुरेशी भोगून झाली, म्हणजे हिवाळा सरला, अशी खूण पटल्यावरच तो उठतो. मी मात्र वाळवलेले बी थंडीच्या तोंडावर पेरले. त्यामुळे पहिला हिवाळा वाया गेला, उन्हाळ्यात मूळ आले आणि कोंबाला दुसऱ्या हिवाळ्याची गरज होती. तेवढा धीर मला नव्हता.

घरी हे दोन ऋतू कृत्रिमरीत्या देता येतात. वाळलेले बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावे. ताजे असेल तर थेट घ्यावे, त्याचे कवच अजून कडक झालेले नसते. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत १८ ते २१ अंश सेल्सिअसला ठेवावे. व्हर्मिक्युलाइट पिळल्यावर पाणी गळता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. कुजलेले बी लगेच काढावे. मूळ सुमारे तीन सेंटिमीटर झाले की पिशवी फ्रीजमध्ये, चार-पाच अंशांवर, दहा-बारा आठवडे. कोंब हलू लागला की कुंडीत अडीच-तीन सेंटिमीटर खोल लावावे. बहुतेक जातींत बीजदले मातीखालीच राहतात आणि पहिल्या वर्षी एखादेच पान वर येते. ते पाहून निराश होऊ नये.

आपल्याकडे हे जमेल का? फ्रीजमध्ये बी जरूर रुजेल, पण वाढलेल्या झाडालाही कळी धरण्यासाठी दरवर्षी कित्येक आठवड्यांची थंडी लागते. महाबळेश्वरच्या मोजक्या गार रात्री त्याला पुरत नाहीत. भारतातली पिओनी हिमालयात आहे: काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत आढळणारी, पांढऱ्या फुलांची ‘पिओनिया इमोडी’. युनानी वैद्यकात पिओनीचे मूळ ‘ऊद सलीब’ या नावाने ओळखले जाते.

बीपासून फूल यायला तीन ते पाच वर्षे लागतात, झुडपी पिओनीला आणखी. गड्ड्याचा डोळे असलेला तुकडा लावला तर त्याहून लवकर फुले येतात आणि तीही हुबेहूब मूळ झाडासारखी. सोळाव्या शतकातले चिनी वैद्यकशास्त्रज्ञ ली शीचेन यांनी झुडपी पिओनीच्या ‘मूदान’ या नावाची फोड हीच दिली आहे: बी धरते, तरी रोप मुळापासून येते, म्हणून नावात ‘नर’.

मग बी कशाला? कारण गड्डा फक्त जुने झाड पुन्हा देतो. नवे झाड बियाच देतात. हॅमिल्टन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ए. पी. साँडर्स यांनी रानटी जातींचे संकर करून पोवळ्याच्या रंगाची फुले बागेत आणली, ती बियांतूनच. जपानच्या तोइची इतो यांनी १९४८ मध्ये झुडपी आणि गड्ड्याच्या पिओनीचा अवघड संकर साधला. १९५६ मध्ये ते वारले, तेव्हा त्या रोपांना फूल आलेले नव्हते. आज तो सारा वर्ग त्यांच्या नावाने ओळखला जातो.

माझ्या हिशेबातली दुसरी चूक इथे उघड झाली. आजींचे झाड हवे होते तर त्यांच्याकडे गड्ड्याचा तुकडा मागायला हवा होता. नव्या मालकांनी त्या जागी गाडी उभी करायला फरशी घातली; आता तो मिळणार नाही. फरशी पडण्याआधी आणखी एकदा गोळा केलेले तेवीस बी मी फ्रीजच्या रीतीने रुजवले. चौदांना मुळे आली, नऊ रोपे वर आली. यंदा त्यांचे तिसरे वर्ष. कळी अजून नाही. फूल आले तरी ते त्यांच्या गुलाबी फुलासारखे असेलच असे नाही. लेक असेल, आई नव्हे. दरवर्षी एप्रिलमध्ये मातीतून तांबडे कोंब वर येतात, तेव्हा मी नऊ मोजते. आतापर्यंत नऊ भरले आहेत.