घरी बसून शिकावं की वर्गात जाऊन?

"वहिनी, आता सगळंच ऑनलाइन मिळतं. घरबसल्या बी.एड. करून टाका ना!" गेल्या मे महिन्यात नणंदबाईंनी हे म्हटले आणि मला अगदी हायसे वाटले.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजणींची गोष्ट माझ्यासारखीच असेल. बी.ए. झाले, लग्नाआधी पतपेढीत कारकुनी केली, पहिल्या बाळंतपणात ती सुटली. मुले मोठी झाल्यावर जवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागले आणि कळले, आपल्याला हेच करायचे होते! पण बी.एड. नाही, म्हणून शाळेतही अर्धवटच.

मग एका क्लासवाल्यांनी सांगितले, "ताई, वर्गात यायची गरजच नाही, पदवी घरी येईल." भिशीचे पाच हजार रुपये मी मोजून दिले. पावती मागितली तर "उद्या देतो". तो उद्या काही उजाडला नाही.

शेवटी शाळेतल्या मोठ्या बाईंपाशी मन मोकळे केले. त्या म्हणाल्या, "अगं, आधी विचारायचंस! माझ्यासारख्या साध्या पदवीधराला बी.एड. दोन वर्षांचं. त्यात वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम. ते घरी बसून कसं होणार?" मुक्त विद्यापीठातही बी.एड. आहे, पण ते ज्यांनी आधी शिक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे त्यांच्यासाठी. माझे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून पहिला प्रश्न "मला काय सोयीचं?" हा नव्हे. "मला जे काम करायचंय ते कशानं येतं?" हा. पोळी पुस्तक वाचून लाटता येत नाही, तसेच हे. नर्सिंग, फिजिओथेरपी, कायदा असे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने वा ऑनलाइन करायला परवानगीच नाही.

पण घरून शिकणे कमी दर्जाचे, असेही समजू नका हं. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझी धाकटी जाऊ औषधाच्या दुकानात बिले करायची. तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र केले. आज ती एका वाचनालयात आहे.

मात्र तिची खरी परीक्षा घरातच झाली. वर्गात बसलेल्या बाईला चहा टाकायला कोणी उठवत नाही. घरात पुस्तक घेऊन बसलेली बाई मात्र सगळ्यांना रिकामीच दिसते! शेवटी तिने पहाटे साडेचार ते सहा ही वेळ धरली आणि घरात बजावले, "या वेळात मी घरात नाही असं समजा." दीड तास, पण रोजचा.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एवढे कराच :

१. ज्या कामाला जायचे तिथल्या दोन-तीन जणींना विचारा, कोणती पदवी चालते.

२. संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहा. मध्यस्थाच्या तोंडावर जाऊ नका.

३. फीबरोबर एस.टी.चे भाडे, पुस्तके, मुलांना सांभाळणारीचा खर्चही मांडा. ऑनलाइनमध्ये इंटरनेट आणि परीक्षेला जाण्याचा खर्च धरा.

४. आवड खरी की तात्पुरती, हे कळत नसेल तर सरकारच्या 'स्वयम्' वर एखादा अभ्यासक्रम करून पाहा. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा द्यायची तरच फी.

५. पैसे दिले की पावती त्याच क्षणी घ्या. हे माझ्याकडून शिका!

यंदा मी सी.ई.टी. दिली आणि जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला. जाऊन-येऊन दोन तास एस.टी. सातवीतला मुलगा कुकर लावायला शिकलाय, यांनी सकाळचे डबे अंगावर घेतलेत. धास्ती होती ती सासूबाईंची. त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे दोन उन्हाळे. लोणची घालायला मी आहे. तू जा."

सोमवारी पहिला तास आहे. पिशवीत वही ठेवली आहे, आणि फीची पावतीसुद्धा!