पुढचं गिऱ्हाईक काय विचारणार?

रविवारी दुपारी पुण्याच्या पश्चिमेला पुनावळे, ताथवडे, माण या बाजूंना सॅम्पल फ्लॅट बघणाऱ्यांची वर्दळ असते. फलकावर लिहिलेलं असतं, 'हिंजवडी अवघ्या दहा मिनिटांवर.' संध्याकाळी साडेसहाला वाकडच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला या दहा मिनिटांचा हिशेब विचारू नये.

घर घेताना माणूस स्वतःपुरतं बघतो: मुलांची शाळा, गॅलरीतला वारा, देवघराची दिशा. विकताना मात्र गाठ पडते अनोळखी गिऱ्हाइकाशी आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेशी. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून बँकेच्या वकिलाने फाईल परत केली, की उरतो फक्त रोख मोजणारा. तो भाव पाडूनच मागतो.

पिंपरी-चिंचवडचा 'रेड झोन' याचं ठळक उदाहरण. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांच्या पट्ट्यात संरक्षण खात्याचे बांधकामावर निर्बंध आहेत. तरी तिथे वस्ती वाढत गेली. रस्ते आहेत, दुकानं आहेत, शेजारही चांगला. पण त्या घरावर कर्ज मिळवणं महाकठीण. स्वस्तात पडलेलं घर मग विकतानाही स्वस्तातच जातं.

दुसरी फसगत 'येणार आहे' या दोन शब्दांनी होते. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्याच्या नावावर उलवे-पनवेलकडे फ्लॅट खपत होते, ते भूमिपूजनाच्याही कितीतरी आधीपासून. ज्यांना थांबणं परवडलं, त्यांचं ठीक. घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरता भरता मध्येच ज्यांच्यावर विकायची पाळी आली, त्यांच्या हाती काय लागणार? न आलेल्या विमानाचे पैसे त्यांनी खरेदीच्या दरातच मोजले होते.

याउलट पुण्यात कोथरूडमध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली. त्याआधी तिथली घरं पडून होती असं मुळीच नाही. शाळा, दवाखाना, भाजीवाला, नाट्यगृह सगळं हाकेच्या अंतरावर असलेल्या भागाला स्टेशन हा वरचा मलिदा. (स्टेशन जवळ हवं खरं, पण गॅलरीसमोरून मेट्रोचा पूल जाणारा फ्लॅट विकायला बसा म्हणजे कळेल.) इथले लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींतले तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅटही खपतात, कारण गिऱ्हाइकाचा डोळा पुनर्विकासावर असतो. इमारत दरवर्षी जुनी होते, जमीन नाही. मात्र ती जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर असेल, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नसेल, तर घोडं तिथेच अडतं. कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय आहे, पण तिच्यासाठी कागद जमवताना सोसायटीच्या सेक्रेटरीची दमछाक होते.

पाण्याचा प्रश्न दोन्ही अंगांनी विचारावा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. नळाचं पाणी मात्र त्या वेगाने आलं नाही. अशा भागात सोसायटीच्या ताळेबंदात टँकरवर किती खर्च पडलाय ते पाहावं. नको तिथे येणारं पाणीही असतं: २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नदीकाठची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत 'रिव्हर व्ह्यू' ठळक छापतात, या रेषा नाहीत.

टोकन देण्याआधी एक छोटीशी लबाडी करून बघायला हरकत नाही. त्याच भागातल्या दुसऱ्या एजंटला फोन लावावा आणि म्हणावं, 'मला इथला फ्लॅट विकायचाय, किती येतील?' कालपर्यंत 'भाव रोज चढतायत' असं ऐकलेल्या त्याच गल्लीत आज 'मार्केट जरा थंड आहे, साहेब' असं ऐकू येतं.